मतपत्रिका मागताना

आमच्या विहारातल्या एका मुलीने माझ्या नागरिकत्वाचे फॉर्म भरले. मी चौथीपर्यंत शिकलेली. परीक्षेचे प्रश्न तिने इथे अमेरिकेत, हर्नडनमधल्या तिच्या स्वयंपाकघरात बसून तीन महिने माझ्याकडून पाठ करून घेतले. तीच राज्याच्या विधानसभेसाठी उभी राहिली, तेव्हा माझं मत तिचंच होतं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

इथे आधी प्रायमरी होते. पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदारच ठरवतात. आमच्याकडे दोन्ही पक्षांची प्रायमरी एकाच दिवशी, एकाच शाळेत होती. मत कुठल्याही एकाच पक्षाच्या प्रायमरीत देता येतं, पण कुठल्या ते टेबलापाशी तोंडाने सांगावं लागतं.

मुलगा कामावर, म्हणून शेजारचे गृहस्थ मला घेऊन गेले. पुण्याचे, दुसऱ्या पक्षाचे. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तेच नेतात. गाडीत म्हणाले, "मावशी, त्या पोरीला नका देऊ हं. घराचा टॅक्स वाढवून ठेवेल."

"तुमचं घर मोठं, तुम्ही भरा," मी म्हटलं. ते हसले.

रांगेत ते माझ्या मागे होते. टेबलावरच्या बाईने दोन्ही पक्षांची नावं घेऊन विचारलं, कोणाची मतपत्रिका देऊ? मी शेजाऱ्यांच्या पक्षाचं नाव घेतलं.

त्यांनी काही धाक घातला नव्हता. गावी पाटलाची माणसं दारात उभी असायची, तरी आत जाऊन मी हव्या त्या चिन्हावर शिक्का मारून यायचे. त्याला मी धैर्य समजत होते. आडोसा होता म्हणून जमत होतं, एवढंच.

हातातल्या मतपत्रिकेवर तिचं नाव नव्हतं. असणार कसं? मी कुठलासा एक गोल काळा केला आणि बाहेर आले.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आजी, जाऊन आलात ना?"

"आले."

"थँक्यू हं. तुमचं एक मत तरी पक्कं होतं."

मी हो म्हटलं.

ती हरली. माझ्या एका मताने हरली नाही, हे मलाही कळतं. पण खोटं मी बोलले.

नोव्हेंबरात मुख्य निवडणुकीला तीच मला न्यायला आली, प्रायमरीत तिला हरवणाऱ्या तिच्याच पक्षाच्या बाईला मत द्यायला. वाटेत मला समजावत होती, "आज पक्ष सांगावा लागत नाही, आजी. सगळ्यांची नावं एकाच कागदावर असतात."

मी म्हटलं, "माहीत आहे."

शाळा आली. तिने माझ्या बाजूचं दार उघडलं, हात धरून उतरवलं. तेव्हाही मी सांगितलं नाही.