आबा आणि अर्धवट डॉक्टर

आबांना खोटं बोलता येत नसे, आणि आमच्या अख्ख्या वर्गाला त्याचा जाच होता. जळगावच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. स्लाइड कुणी फोडली असं सरांनी विचारलं, की आबा सरळ बोट दाखवत. एकदा त्यांच्याच हातून सापाची बरणी फुटली, तेव्हा सरांनी विचारायच्या आतच "सर, मन्हा हातथून फुटनी" म्हणून मोकळे झाले. आता अशा माणसाला परीक्षेच्या आधी गोड बोलून काय उपयोग! माझ्या घरच्या केळीचा अख्खा घड मी त्यांना नेऊन दिला होता. त्यांनी तो वर्गात सगळ्यांना वाटला आणि परीक्षेत मला एका अक्षराची मदत केली नाही.

मी बी.एस्सी.ला होतो ते काही हौसेनं नाही. बारावीला मेडिकल "थोडक्यात हुकलं" असं मी सांगायचो. ते थोडक्यात एवढं मोठं होतं, की तेवढ्या मार्कांत आणखी एक मुलगा पास झाला असता. मग डॉक्टर नाही तर निदान बेडूक तरी कापू, म्हणून हे शिक्षण. आमच्या यावलकडच्या गावात बी.एस्सी. म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगायच्या फंदात पडलो नाही.

आबांचा दुसरा छळ जर्नलचा. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते बघून आकृती काढायची असते. आम्ही पुस्तकातून काढायचो, कारण पुस्तकातला अमिबा शहाण्यासारखा एका जागी बसतो. एकदा मी सुंदर अमिबा रंगवत होतो. आबा मागून आले, वाकून माझ्या स्लाइडमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "हाऊ ते हवाना बुडबुडा शे, भो. अमिबा तुना पुस्तकमा शे. दिसनं तेवढंच काढ." सगळा वर्ग हसला. मी रागारागानं एक गोल काढला आणि खाली "बुडबुडा" असं लिहिलं. सरांनी त्यावर फुली मारली, आबांनी मात्र पाठीवर थाप मारली.

आता मुख्य लाजेची गोष्ट. एका शनिवारी प्रॅक्टिकल उशिरा सुटलं आणि मी पांढऱ्या एप्रनवरच यावलची एसटी पकडली. घाईत काढायचा राहिला, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे स्टँडवरच्या आरशात मी त्या एप्रनमध्ये स्वतःला दोनदा पाहून घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, "बसा, डॉक्टरसाहेब." झालं! गावात उतरेपर्यंत मी स्वतःच्या नजरेतही डॉक्टर झालो होतो. शेजारच्या सुकदेवनानांनी पारावर सगळ्यांदेखत जीभ काढून दाखवली. मी ती गंभीरपणे पाहिली आणि "हं" म्हणालो. पुढे वर्षभर दर रविवारी माझा दवाखाना चालला. पाणी भरपूर प्या, तेलकट खाऊ नका, एवढ्या भांडवलावर. त्यात कुणी दगावलं नाही याचं श्रेय गावच्या पाण्याला.

मग एका रविवारी सुकदेवनाना पोट धरून आले. मी पोट दाबून पाहिलं. ते कळवळले. "गॅस आहे. ओवा खा," मी सांगितलं आणि जळगावला निघून आलो.

बुधवारी आम्ही झुरळ कापत बसलो होतो. दारात माझे वडील उभे. त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू. त्यांच्या खांद्यावर वाकलेले सुकदेवनाना, तोंड पांढरंफटक. "लय दुखून राह्यलं याले," भाऊ मला म्हणाले. "म्हनलं, तुह्याच दवाखान्यात आनू." आणि ते खाट शोधायला लागले. तिथं नुसती बाकं, ट्रे आणि झुरळं. माझ्या हातातला चिमटा गळून पडला.

आबा पुढे झाले. "कवयपासून दुखस?" एवढंच विचारलं, भाऊ "रविवारपासून" म्हणताच नानांच्या कपाळाला हात लावला आणि रिक्षा आणायला पळाले. सरकारी दवाखान्यात केसपेपर त्यांनीच काढला, नानांना आधारही त्यांनीच दिला. मी नुसता मागे मागे. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आणखी उशीर केला असता तर फुटलं असतं. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. त्याच महिन्यात सशाचं अपेंडिक्स मी जर्नलमध्ये तीन रंगांत काढलं होतं! दहापैकी नऊ मार्क!

नानांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघे. भाऊंनी आबांना विचारलं, "आमचा पोऱ्या डॉक्टरीच शिकतो ना? मंग त्याले कसं नाही समजलं?"

आबा आता सांगणार, असं वाटून मी डोळे मिटले. पण ते म्हणाले, "त्यालेच इचारा."

मी सांगितलं. डॉक्टर होणार नाही, मार्कच नव्हते, मी बेडूक आणि झुरळं शिकतो. भाऊ हळू आवाजात म्हणाले, "मंग सुकदेवले ओवा कोनं सांगितला?"

"मी."

भाऊ उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले. मला रडू आवरेना. आबांनी मला ना समजावलं, ना झापलं. संध्याकाळी नाना शुद्धीवर आले तेव्हा मात्र खांद्याला धरून उठवलं. "मधमा जाय. त्यासलेबी सांग." मी आत जाऊन सांगितलं. आयुष्यात तेवढी लांब खोली मी पुन्हा चाललो नाही. नाना ऐकून घेऊन म्हणाले, "वाचलो ना, जाऊ दे." भाऊंना माझ्याशी बोलायला महिना लागला.

नाना दवाखान्यात होते तेवढे दिवस आबांच्या जळगावातल्याच मेहरूण भागातल्या घरून दोन्ही वेळचा डबा आला. मी पास झालो, पाचोऱ्याला शाळेत जीवशास्त्र शिकवू लागलो. पोरांनी विचारलेलं मला येत नसलं, की "येत नाही, उद्या बघून सांगतो" म्हणतो. पोरं हसतात. हसू देत.

आबा गेल्याचं मला उशिरा कळलं. मेहरूणला गेलो तेव्हा घरी त्यांच्या पत्नी, काकू, एकट्याच होत्या. त्या मला ओळखत नव्हत्या. मी त्या डब्यांची आठवण काढली. काकू म्हणाल्या, "हा, एक पोऱ्याना गावना मानूस आजारी व्हता, इतलंच सांगं त्यासनी. कोना पोऱ्या, काय व्हयनं, मी कितलांदा इचारं, पन नही सांगं."

सरांनी विचारलं की बोट दाखवणारा हा माणूस! घरात बायकोलासुद्धा त्यानं माझं नाव कळू दिलं नव्हतं.

"काकू, तो मीच," मी म्हणालो, आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.