साडूच्या ट्रकमधलं जाड ऑइल

साडूकडून घेतलेल्या जुन्या, लांब नाकाच्या ट्रकचं इंजिन मी धाडच्या गॅरेजात नव्यानं बांधून घेतलं. कापसाचा हंगाम तोंडावर होता. मोताळ्याहून भरून राजूर घाट चढलो, वर येऊन थांबलो, तर ऑइल प्रेशरचा काटा तळाला टेकलेला. असंच चालवलं तर बेरिंग जळणार, इंजिन जाम होणार आणि हंगाम दुसरा कोणी नेणार.

माझा संशय थेट मिस्त्रीवर. नवी बेरिंगं मीच आणून दिली होती. त्यानं ती ठेवून घेऊन जुनी घासून बसवली असणार.

"तुह्या गॅरेजात माल बदलते, असं ऐकलं मी," गाडी परत त्याच्याकडे नेऊन म्हणालो.

"मंग काऊन आणली गाडी?" त्यानं मान वर केली नाही. डॅशबोर्डचं मीटर खोटं असेल म्हणून त्यानं स्वतःचं मीटर थेट इंजिनला जोडलं. थंड असताना काटा बरा, गरम झाल्यावर पुन्हा तळाला. डॅशबोर्डचं मीटर खरं बोलत होतं.

"खोल चेंबर," मी म्हणालो. "माझ्यासमोर."

मी स्टूल टाकून बसलो. त्यानं इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं, एक बेरिंग काढून माझ्या हातात ठेवलं. देताना मी प्रत्येकाच्या कडेला खिळ्यानं बारीक खूण केली होती, कोणाला न सांगता. खूण होती. दुसऱ्यावरही होती.

"झालं समाधान? आता खून तुमचीच निघाली, भाऊ, तर गुन्हेगार कोन?" तो हसला. मला हसू आलं नाही.

"आता ऑइल पंप पाहू का?" त्यानं विचारलं.

पंपाला हात लावू नको, असं मीच बजावलं होतं. पंप नवा टाकलाय, असं साडूनं शपथेवर सांगितलं होतं. आता मिस्त्रीनं पंप उघडला. आतली गिअरं झिजून खुळखुळत होती.

"मंग आधी प्रेशर कसं होतं बे याले?" मी विचारलं.

"आधीचं ऑइल कुठंय? तुम्हीच नेलं ना डब्यात."

वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासायला नेलं होतं. डबा आणला. काडी बुडवली तर काडीवरून धार सुटेना. काकवीसारखं घट्ट.

"हे इंजिनचं नव्हे, गिअरबॉक्सचं ऑइल. झिजल्या पंपातबी काटा वर राह्यते. इकायची गाडी अशीच सजवते लोकं."

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात साडू वांगी निवडत होता.

"साडूभाऊ, पंप नवा होता ना?"

"व्हता की. मी घेतला तवा नवाच व्हता."

"आन् ते जाड ऑइल?"

"त्या ऑइलावर गाडी मस्त चालत व्हती. काऊन बदललं तुम्ही?" वांगं दाबून पाहत तो वांगेवालीला म्हणाला, "बाई, हे किडकं दिसून राह्यलं."

माझ्या तोंडाशी शिवी आली. मागून त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, पिशवी घेऊन येत होती. शिवी गिळली.

पंप नवा बसवला. घाटमाथ्यावर गरम इंजिनातही काटा जागच्या जागी राहिला. हंगाम मिळाला. साडूकडे अजून जाणं-येणं आहे, पण तो काही विकायला काढतो तेव्हा मी घरी नसतो.