क्रीमचा गिलावा

सून खाली बसून केकला क्रीम लावत होती. मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय, त्यामुळे कुणाचा हात चालताना दिसला की बघत बसतो. तिनं एक पातळ थर दिला आणि सुरी ठेवली.

"थांबलीस का गं?"

"आप्पा, हा थर जरा घट्ट व्हावा लागतो. नाहीतर केकचा भुगा वर येतो."

मला नवल वाटलं. गिलाव्याचंही असंच. ही कुठं शिकली?

"आणि फार वेळ थांबलीस तर?"

"मग वरचं क्रीम धरत नाही. घसरतं."

तेही तसंच.

अजून ती कुकरातच केक भाजते. बचत गटाच्या कर्जातून ओव्हन आलाय, पण चार दिवस खोक्यातच आहे. त्याला लागणारा प्लग एकाच कोपऱ्यात आहे, आणि तिथं माझ्या बायकोची खाट. ती जाऊन आठ महिने झाले. सून मागायची नाही आणि मला सगळं दिसत होतं. माणूस गेल्यावर जागा किती दिवस धरायची, हे कोण सांगणार?

"खाटेचं ते टोक धर," मी म्हणालो.

"राहू द्या ना, आप्पा."

"धर म्हणतो ना!"

खाट बाहेर नेली. बाकी घरातली फरशी झिजलीय, खाटेखालची मात्र मी बसवली तशीच होती. सून त्या फरशीकडे बघत उभी राहिली.

"ओव्हन इथं छान दिसेल, आप्पा."

"दिसायचं राहू दे," मी म्हणालो. "वायर पुरते का बघ."