खुणेचा ॲक्सल

मिरकरवाड्यातल्या लवूकाकांना कोणी नारळ दिला, तरी ते आधी कानाशी हलवून बघत. जन्म मच्छीमारीत गेलेला. जाळ्याच्या बोया चोरीला जातात, म्हणून प्रत्येकीवर दोन तिरके घाव घालायचे, ही सवय त्यांच्याबरोबर घरात आली. विळी, कुलूप, चष्म्याची डबी, सगळ्यांवर तीच खूण. तुळसाकाकी म्हणत, "मी तेवढी राहिलेय."

गुडघा वाकेना तेव्हा मात्र काका घाबरले. सायकल सुटली की बंदरावरचा सकाळचा मासळीचा लिलाव सुटला, मग दिवसभर सुनेच्या मालिका बघत बसायचं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आखूड असला तर गुडघा कमी वाकतो, असं कळल्यावर त्यांनी भाच्याकडून मुंबईहून आखूड क्रँक मागवले आणि सायकल बाळा मेकॅनिकच्या दुकानात नेली. नेण्याआधी, दोन्ही क्रँक ज्यावर बसतात त्या ॲक्सलच्या टोकावरसुद्धा कानशीने खूण केली.

बाळाने नवे क्रँक लावून पाहिले. "काका, ॲक्सल बदलायला लागेल. हे क्रँक तुमच्या ॲक्सलवर फ्रेमला घासतायत. दोन सूत लांब हवा."

काकांचे डोळे बारीक झाले. जुनं अस्सल लोखंड ठेवून घ्यायचं आणि भलतंच काही गळ्यात मारायचं! "माझा ॲक्सल माझ्याच सायकलीत ऱ्हायला हवा. खूण बघून घेईन मी."

"बरं," बाळा म्हणाला. तो इतक्या लवकर बरं म्हणाला, याचाही काकांना संशय आला. ते त्याच्या डोक्यावर उभेच राहिले असते, पण तुळसाकाकींनी जेवायला बोलावलं आणि कालवण बांगड्याचं होतं.

संध्याकाळी त्यांनी वाकून क्रँकच्या भोकातून टोक पाहिलं. दोन तिरके घाव. क्रँक घासत नव्हता, गुडघाही दुखत नव्हता. "म्हणे लांब हवा! सोंगं नुसती," काका लिलावात ज्याला त्याला सांगत सुटले. बाळाच्या तोंडावरही सांगितलं. तो पंक्चर काढत राहिला.

शिमग्याच्या आधी काका हवा भरायला गेले, तेव्हा दुकानात खिळ्याला तारेने अडकवलेला एक ॲक्सल दिसला. तेल लावून ठेवलेला. टोकावर दोन तिरके घाव, त्यातला डावा जरा लांब, कारण काकांचा हात नेहमी तिथेच घसरायचा. ते बाहेर येऊन सायकलीशी वाकले. इथले दोन्ही घाव सारखे होते.

म्हणजे फसवलं होतंच.

"तुमचाच आहे, कधीही न्या," बाळा खाली बघत म्हणाला. "पण तुम्ही ऐकत नव्हतात, आणि सायकल सुटली असती तुमची."

काका म्हणाले, "ऱ्हांदे तिथंच. हवा भर."

आणि ते आत जाऊन बाकावर बसले, सायकलीकडे पाठ करून.