जावई टीव्हीवर काय बोलला

माझ्या मुलाची मुलगी परवा सांगत होती, "आजी, रिअॅलिटी शो म्हणजे खऱ्या माणसांचा कार्यक्रम. त्यात नट नसतात." मी म्हटलं, "मला नको शिकवू. हे नाव कानावर यायच्या आधीच मी त्यात बसून आलेय."

नव्वदनंतरची गोष्ट. बाळकुमला आमच्या कोळ्यांच्या आळीत नुकतीच केबल आलेली. माझ्या मुलीला शहाडच्या जावयाने भाजी खारट झाली म्हणून माहेरी आणून टाकलेलं. आमच्यात असं भांडण गावकीपुढे जातं. वडीलधारी बसतात, आणि त्यांच्यासमोर पुरुष जे बोलतो ते त्याला फिरवता येत नाही. पण जावई गावकीला येईचना. प्रत्येक वेळी त्याची कंपनीत ड्युटी.

तेवढ्यात केबलवाल्यांचा एक कार्यक्रम निघाला, मोडलेले संसार जोडायचा. त्यांनी बोलावल्यावर मात्र जावई नवा शर्ट घालून हजर. टेंभी नाक्याजवळ एका हॉलमध्ये शूटिंग होतं. समोर खुर्च्यांवर माणसंच माणसं. मला वाटलं, ही तर आपल्यापेक्षा मोठी गावकी.

माईकवाली बाई मुलीला म्हणाली, "ताई, जरा रडा ना. कोरडं वाटतंय."

"घरी रडून झालंय," मुलगी म्हणाली.

मग त्या बाईने जावयाच्या कानात काहीतरी सांगितलं. जावयाने हात जोडले. "माझं चुकलं. हिला मी मानाने घरी नेतो." टाळ्या पडल्या. बाई म्हणाली, "छान! पुन्हा एकदा, इकडे बघून." तो पुन्हा तेच बोलला, आधीपेक्षा चांगलं.

परत येताना मुलगी म्हणाली, "आई, हा असं बोलत नाही गं कधी."

"चारचौघांत बोललाय. आता जातो कुठे?"

तो न्यायला आलाच नाही. मग मीच तिची ओटी भरली, सुके बोंबील बांधून घेतले आणि तिला शहाडला घेऊन गेले. जावई दारात आडवा उभा. "सासूबाई, ते शूटिंग होतं. बाईने सांगितलं ते बोललो."

"एवढ्या माणसांसमोर बोललात तुम्ही!"

"कसली माणसं? वडापाव देऊन बसवलेली." आतून त्याची आई हसली.

आम्ही बोंबलांसकट परत आलो. पुढे तो कार्यक्रम केबलवर लागला. आळीतल्या बायका आमच्याच घरात बसून बघत होत्या. एकीने मुलीला विचारलं, "अगं, तो तर घेऊन चाललाय तुला. मग तू इथे कशी?" मुलगी तिच्या शेजारीच बसलेली.

नाटकातला माणूस रंग पुसून घरी जातो. जावयाने रंगच लावला नव्हता, मग पुसणार काय?

मी पुन्हा गावकीकडे गेले. म्हटलं, त्याला बोलवा. म्हातारे पंच म्हणाले, "वहिनी, तो हात जोडून न्यायला तयार झाला. आम्ही डोळ्यांनी बघितलंय. तुमचीच पोर नांदत नाही."

"त्यानंतर ती त्याचा उंबरा ओलांडून आत गेलेली नाही. माझ्या घरी या, तिलाच विचारा."

कोणी आलं नाही. वर्षाच्या आत जावयाने दुसरी केली. पंच त्या लग्नात जेवून आले.