मांडीचा तुकडा

आमच्या वस्तीला विहीर नव्हती. गावच्या विहिरीपाशी आमच्या बायांनी घागरी मांडायच्या आणि कोणाला दया येऊन वरून पाणी ओतीपर्यंत उन्हात उभं राहायचं. माय सकाळी गेली की कधी कधी दुपारी परतायची. बा दिग्रसच्या कापसाच्या जिनात कामाला होता. तिथल्या गवंड्याच्या हाताखाली राहून तो दगड घडवायला आणि बसवायला शिकला.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. बानं वस्ती गोळा केली आणि म्हणाला, "आता कोणाच्या ओंजळीनं प्याचं नाही. आपली हीर आपून खंदू."

खणायला काही उन्हाळे गेले. पाणी लागलं. पण काळी माती पावसात घसरते. आतून दगडाचा बांध घातला नाही तर विहीर बुजणार. बांध घालणारा माणूस वस्तीत एकच, माझा बा.

मी तोवर नागपूरला डॉक्टरी शिकत होतो. आमच्या आजूबाजूच्या चार गावांत कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी मिरवूनच सांगतो, कमावलेलं आहे.

शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात घरी आलो. बा अंगणात उघडा बसला होता. उजव्या दंडाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरत होतं, उथळ पाण्यात मासोळ्या फिराव्यात तसं. आमच्याकडे पुरुषाचा उजवा दंड लवला की शुभ. बा खुशीत होता.

"चार महिने झाले, लवूनच राह्यला. म्या म्हटलं, पोरगा डाक्टर झाला समजा."

माय चुलीजवळून म्हणाली, "दिवसभर लवते. एवढं शुभ ठेवाले घरात जागा कुठी हाये?"

मी हसलो नाही. बाचा हात हातात घेतला. अंगठा आणि बोटाच्या मधलं मांस आटून खळगा पडला होता. थापी कधीमधी हातातून सुटते, असं तो सहज बोलून गेला. असा हात मी तीन महिन्यांपूर्वी वॉर्डात पाहिला होता.

बाला नागपूरला नेलं. आमच्या विभागाचे प्रमुख मज्जातंतूंच्या रोगांचे जाणकार होते. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली. जीभही थरथरत होती. मग मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं: हालचाल करवणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. दोन-तीन वर्षं. औषध नाही.

मी म्हटलं, "सर, त्यांना सांगा. विहीर बांधायची राहिली आहे. हात आहेत तोवर ते बांधून घेतील."

"सांगेन. मीच सांगेन. आधी मांडीतला स्नायूचा एक तुकडा हवा. मी या रोगावर काम करतोय, तुला ठाऊक आहे. तपासणी म्हटलं तर खेड्यातली माणसं तयार होत नाहीत. ऑपरेशन म्हण."

मी तसंच म्हटलं.

बानं विचारलं, "रोग हाताले अन् चिरा मांडीले?"

"शिरा तिथूनच जातात, बा."

तो टेबलावर झोपला. माझ्या शब्दावर झोपला.

जखम भरली. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी प्रमुखांनी बाच्या खांद्यावर थाप मारली. "आराम करा. पुढच्या उन्हाळ्यात बांधा तुमची विहीर." मी केसपेपर धरून शेजारी उभा होतो. आता सांगतील, मग सांगतील म्हणून थांबलो. ते पुढच्या खाटेकडे गेले आणि मीही त्यांच्या मागे गेलो.

वस्तीनं दगड आणून ठेवले होते. बा सगळ्यांना सांगत राहिला, "आपरेशन झालं हाये. औंदा आराम, मंग पाहा." त्या पावसाळ्यात विहिरीची एक बाजू आत बसली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या बोटांत थापी राहीना.

मी गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "आपरेशन फसलं का रे?"

मी सगळं सांगितलं.

"तुले तवाच मालूम होतं?"

"हो."

"त्या सायबाले बी?"

"हो."

"सायब तर परका. तू काहून नाही सांगतलं?" मग बोटांकडं पाहून, "हात चालत होते रे माहे. पंधरा दिवसाचं काम होतं."

बांध शेवटी पोरांनी घातला. बा काठावर खाटेवर बसून सांगायचा; जीभ जड झालेली, माय उलगडून सांगायची. एक थर त्याला पसंत पडला नाही. त्यानं तो उतरवून पुन्हा बसवायला लावला. पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

वर्षभरानं कॉलेजच्या वाचनालयात प्रमुखांचा लेख सापडला. बाच्या मांडीतल्या तुकड्याचं छायाचित्र होतं, खाली 'मजूर, वय सुमारे पन्नास'. आणि एक वाक्य: रोग्याला आजाराची कल्पना देऊन त्याच्या संमतीनं तुकडा घेतला.

मी लेख घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्मा काढला. "अरे, तू होतास ना तिथं? मला वाटलं, तू सांगितलं असशील."

मी लेख मिटून बाहेर आलो. त्यांनी मला फसवलं, हे मी कोणालाही सांगू शकतो. त्यापुढचं वाक्य बानं आधीच बोलून टाकलं होतं: तू काहून नाही सांगतलं?

त्यांच्या हाताखाली पुढं शिकायचं मी नाकारलं, दुसरीकडून मज्जारोगांचं शिक्षण घेतलं आणि यवतमाळला दवाखाना काढला. साठचं दशक संपेपर्यंत दारव्हा, घाटंजी, दिग्रसकडून या रोगाची जी माणसं आली, त्यांना मी स्वतः तपासलं, प्रत्येकाची हकीकत लिहून ठेवली आणि पहिल्याच भेटीत त्याच्या बोलीत खरं सांगितलं. त्यातलं कोणीही बरं झालं नाही.