चार मिनिटं लवकर

दत्ताराम मोकल गाडीच्या किल्लीने कान कोरायचे. डोळे अर्धवट मिटून किल्ली दोनतीनदा फिरवायचे, बाहेर काय आलं ते निरखून बघायचे, पँटीला पुसायचे आणि तीच किल्ली खोचून गाडी चालू करायचे. मोटारशर्यतीतला हा तीन वेळचा चॅम्पियन मी पहिल्यांदा गाडीत पाहिला तो असा. मी शेजारच्या सीटवर होते आणि सकाळचे पोहे घशाशी आले होते. पुढची चार वर्षं मी त्याच सीटवर बसले, ही माझी अक्कल.

ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही ठाकुरद्वारची खोली सोडून भाईंदरला ब्लॉक घेतला. मोकल समोरच्या इमारतीत राहायचे, खाली त्यांचं गॅरेज. गॅरेजच्या भिंतीवर हार घातलेले फोटो होते; सगळे त्यांचे स्वतःचेच. जिवंत माणसाच्या फोटोला हार कसला घालायचा, असं आई म्हणायची. बाबांना मात्र कोण कौतुक. "अहो, पेपरात नाव आलेला माणूस आपला शेजारी आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मी फोर्टला विमा कंपनीत कारकून होते आणि माझं तोंडी गणित पक्कं होतं. बाबांनी ते सांगितलं असणार. एका संध्याकाळी मोकल घरी आले, बशीतून फुर्र फुर्र चहा प्यायले आणि म्हणाले, "वसू, छत्तीसच्या स्पीडने अकरा किलोमीटर जायला टाइम किती?"

"अठरा मिनिटं वीस सेकंद."

"बस. तू आपली नेव्हिगेटर. गाडीत मॅडम, गाडीबाहेर वसू."

सुसाट शर्यतींचे त्यांचे दिवस तेव्हा सरले होते. तिथे आता श्रीमंतांची पोरं परदेशी गाड्या घेऊन उतरत. मोकल वेळेच्या रॅलीत उतरले होते. या रॅलीत जोरात जाणारा जिंकत नाही. अमुक टप्पा ताशी तीसने, तमुक छत्तीसने, असा कागद हातात देतात. वाटेत कुठेतरी तपासनीस घड्याळ घेऊन बसलेला असतो. त्याच्यापाशी उशिरा पोहोचलात तर दंडाचे गुण, लवकर पोहोचलात तर दुप्पट. शेजारच्याने हिशेब करून सांगायचं, चालवणाऱ्याने ऐकायचं, इतकाच खेळ.

पण ऐकतील ते मोकल कसले. "दिलेल्या स्पीडने बैलगाडीवाला पण जाईल, मॅडम. त्याला चॅम्पियन कशाला पाहिजे?" ते प्रत्येक टप्पा सुसाट मारायचे आणि तपासनीस कुठे बसला असणार ते ओळखून त्याच्या अलीकडे गाडी उभी करून उरलेला वेळ घालवायचे. "टाइम आधी कमवून ठेवायचा, मग बसून खायचा." खायचा म्हणजे खरोखरच खायचे. डॅशबोर्डवर प्लॅस्टिकच्या पिशवीत उकडलेली अंडी असत. ती स्टेअरिंगवर आपटून सोलत आणि टरफलं माझ्या पायाशी टाकत. मधला आरसा त्यांनी काढूनच टाकला होता. "मागे बघणारा मागेच राहतो," हे त्यांचं दुसरं वाक्य. दिवसातून चार वेळा ते ऐकून माझे कान किटले होते.

मग मी गेले का नाही सोडून? एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, तिच्यामुळे. मोकल रायगडातल्या एका खेड्यातले. ट्रकवर क्लीनर म्हणून मुंबईत आले, पुढे एका शेठचे ड्रायव्हर झाले. शेठला शर्यतीचा नाद. ऐन शर्यतीच्या सकाळी शेठचं पोट बिघडलं, तेव्हा त्याचं हेल्मेट घालून मोकल उतरले आणि जिंकले. हेल्मेट काढायची त्यांना परवानगी नव्हती. कप शेठने घेतला, पेपरात नाव शेठचं आलं. "मी गाडीच्या मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या, मॅडम. माझ्याच जिंकण्याच्या." पुढे स्वतःच्या नावाने ते तीन वर्षं ओळीने पहिले आले. ज्याला कुणी मोजलं नाही तो दुसऱ्याला मोजेल, असा माझा भाबडा समज झाला आणि अंड्याची टरफलं मी पोटात घातली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा एक रविवार. त्या मोसमातली शेवटची रॅली, भाईंदरहून उत्तनवरून चौक गावापर्यंत आणि परत. आम्ही गुणांत पुढे होतो. ही जिंकली की मोकल चौथ्यांदा चॅम्पियन होणार होते. उत्तनच्या पुढे रस्ता समुद्राला धरून जातो. तिथले लोक डांबरी रस्त्याच्या कडेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, वाळत घालतात. डांबर तापतं, जवळा चटकन वाळतो, आणि येणारेजाणारे सांभाळून कडेने जातात. टप्पा ताशी तीसचा होता. आम्ही पन्नासच्या वर होतो.

"हळू घ्या," मी म्हटलं, "आपण आधीच तीन मिनिटं लवकर आहोत."

"टाइम कमवतोय, मॅडम."

वळणावर एक म्हातारी बाई खराट्याने जवळा हलवत होती. बाकी रस्ता सामसूम, सगळं गाव चर्चमध्ये. मोकलनी गाडी जवळ्यावरूनच घातली. बाई मागे उडी मारायला गेली. मी मान वळवून पाहिलं तेव्हा रस्त्यावर नुसता खराटा होता. रस्त्याच्या खाली, किनाऱ्याच्या दगडांवर, तिच्या लुगड्याचा लाल काठ मला दिसला.

"थांबवा. बाई पडली."

"गाडी लागली नाय तिला. किती लवकर आहोत?"

आणि मी उत्तर दिलं. चार वर्षांची सवय. "चार मिनिटं."

"मग थांबू या," ते म्हणाले आणि दीडशे पावलांवर, तपासनीसाच्या वळणाच्या अलीकडे, गाडी उभी केली. बाईसाठी नाही. चार मिनिटं घालवायला. मी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. "मॅडम, दोघंही गाडीत पाहिजेत, नाहीतर गाडी बाद. दार लावा." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी पिशवीतून अंडं काढलं, स्टेअरिंगवर आपटलं. मागून कुणीतरी येईल, तिला उचलेल, असं मी मनाशी म्हटलं. मग पाय आत घेतला आणि दार लावलं. चार मिनिटं मी घड्याळाकडे बघत बसले आणि माझ्या शेजारी तो माणूस अंडं खात होता. मागून आलेल्या गाड्यांना दगडांत पडलेली बाई दिसली नसणार. आम्ही तपासनीसापाशी अगदी सेकंदाला पोहोचलो. दंड शून्य.

बक्षीस घ्यायला मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिचा पत्ता काढला आणि हॉस्पिटलमध्ये गेले. जायच्या आधी मोकलना म्हटलं, "चला माझ्याबरोबर." त्यांनी जिंकल्याच्या पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. "बाईला तोंड गोड करायला सांग. हाड आपोआप जुळतं गं." मला त्या क्षणी त्यांची जी किळस आली ती अजून उतरलेली नाही.

फिलोमिनाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. चर्चमधली मिस्सा संपून माणसं परत येईपर्यंत तासभर त्या दगडांवर पडून होत्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार जवळा विकणं हाच धंदा. डॉक्टरांनी पाटी उचलायची नाही म्हणून सांगितलं होतं. मी कोण ते त्यांना सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मना दिसत व्हती गो तुमची गाडी," त्या म्हणाल्या. "पांढरी. वळनावर उभी व्हती. दार बी उघडला कोनी. मी म्हनला, पायला त्यांनी, आता येतीन. म्हनून मी वरडलीच न्हाय."

पेढ्यांचा पुडा मी पर्समध्ये दाबून ठेवला होता. तो त्यांना दिसला, तेव्हा त्यांनी मागून घेतला आणि नातीच्या हातात दिला. "पोरीला आवडतान. टाकायचा कशाला?"

परत येऊन मी रॅलीवाल्यांना सगळं लेखी दिलं. त्यांच्याकडे आमचा कागद होता, त्यावर तपासनीसाची सही होती आणि दंड शून्य होता. निकाल बदलला नाही. मोकल चौथ्यांदा चॅम्पियन झाले. गॅरेजच्या भिंतीवर आणखी एक फोटो लागला, त्याला हार. "तुला गेम कळला नाय, वसू," ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. बाबा माझ्यावर महिनाभर रुसले. फिलोमिनाबाई काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागल्या, पण पाटी कायमची सुटली. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन त्यांच्याकडून जवळा आणायचे. आमच्या घरात तो कुणी खात नसे.

नव्वदचं दशक सरत असताना मोकल गेले, गॅरेजमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या. आमच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये शोकसभा झाली. त्यांच्या बायकोसाठी, मोकलवहिनींसाठी, मी गेले. त्या बिचाऱ्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? एकाने त्यांची शिस्त सांगितली, दुसऱ्याने जिद्द. शेवटी अध्यक्ष म्हणाले, दोन मिनिटं शांत उभं राहू या. सवयीने माझी नजर घड्याळावर गेली. अर्ध्या मिनिटात खाकरणं सुरू झालं. पाऊण मिनिटात लोक पाय बदलायला लागले. एक मिनिट दहा सेकंदांना अध्यक्षांनी ओम शांती म्हणून टाकलं आणि सगळे सुटल्यासारखे खाली बसले. एवढा वेळसुद्धा त्यांना फार झाला होता.

मी उभीच राहिले. माणसं वळून बघायला लागली. वहिनींनी माझा पदर ओढला, "वसू, झालं गं, बस."

"अजून व्हायचंय," मी म्हटलं.

चार मिनिटं पुरी होईपर्यंत मी उभी होते. तो वेळ किती मोठा असतो ते मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात मी दीडशे पावलं मागे गेले असते, दगडांत उतरून फिलोमिनाबाईंचा हात धरला असता आणि चर्चपर्यंत हाका मारल्या असत्या. मोकलनी मला फक्त दार लावायला सांगितलं होतं. लावलं मी.